तिकडचे कुणाच्या नावानं खडे फोडतात?

कांद्याची निर्यातबंदी लागू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल. डिसेंबर २०२३. नाशिक जिल्ह्यात विंचूरच्या पुढे मामाच्या मळ्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याची बोलणी चालली होती आणि कुठल्याही विषयावर सुरू झालेली बोलणी पाच मिनिटांत कांद्यावर येत होती. पानं किती धरायची, तर कांदा काय भावानं गेला त्यावर. हॉल घ्यायचा की मळ्यातच मांडव टाकायचा, तेही कांद्यावर. मधल्या शांततेत मी सहज म्हटलं, "मामा, इजिप्तनं पण बंदी घातलीय कांद्यावर. आपल्या आधीच, ऑक्टोबरपासून." त्याला खरं वाटेना, म्हणून फोनवर शोधून एक व्हिडिओ लावून दिला. नाईलच्या खोऱ्यातलं कुठलंसं शेत, काढणीचे दिवस. बोलणं सगळं अरबी, आम्हाला कुणालाच ओ की ठो कळत नव्हतं. बायका ओळीनं वाकून कांदा उपटत होत्या, हातातली जुडी हलकेच झटकून माती पाडत होत्या आणि कांदा जमिनीवर आडवा लावत होत्या. मामानं फोन हातात घेऊन लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि व्हिडिओ थांबवला. "पातीनं झाकलाय बघ," म्हणाला. खरंच, पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर पसरलेली होती, कांद्याला ऊन लागू नये म्हणून. मामी घरातून बाहेर आली, तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मान लई आखूड कापतेत गं बाया." आमच्याकडे कांदा खांडताना इंचभर मान ठेवतात. अगदी गड्ड्यालगत विळा लावला तर चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, तिथूनच सड लागते.

मग मामानं विचारलं, "आपन दिल्लीच्या नावानं खडे फोडतो. तिकडचे कुनाच्या नावानं फोडत आसतील?"

सगळे हसले आणि विषय परत साखरपुड्यावर गेला. माझ्या मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. एक तर तो प्रश्न मामानं विचारावा याचंच मला नवल वाटलं, कारण इजिप्त या देशाशी त्याचं जुनं वाकडं होतं.

ते वाकडं २०१९ मधलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस परतायचं नावच घेईना, उभा लाल कांदा शेतात सडला आणि शहरात किलोचा भाव शंभराच्या वर गेला. निर्यातबंदी सप्टेंबरच्या शेवटीच लागली होती. तेवढ्यानं भागेना म्हणून सरकारनं परदेशातून कांदा मागवला, इजिप्तचा आणि तुर्कस्तानचा. आमच्या पट्ट्यात ही बातमी घरात शिरल्यासारखी लागली. लासलगावच्या भागात बाहेरून कांदा येण्याची धास्ती असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्यात गंमत अशी, की भाव क्विंटलला दहा हजारांना भिडला तेव्हा मामाच्या चाळीत विकायला कांदाच उरला नव्हता. भाव असतो तेव्हा माल नसतो आणि माल असतो तेव्हा भाव नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. तरीही राग इजिप्तवर. वाशीच्या मार्केटला गाडी घेऊन जाणारा माझा मामेभाऊ तिथून दोन कांदे घेऊन आला, मुद्दाम दाखवायला. एकेक कांदा मामीच्या तळहातात मावेना. मामीनं विळीवर चिरला. पापुद्रे जाड, पाणी भरपूर, डोळ्यांना फारसा ठसका नाही. कालवणात घातला तर रस्सा गोडसर झाला. मामी म्हणाली, "ह्याला कांदा म्हनायचं का?" आणि मामाच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. दोन कांद्यांवरून एका देशाची परीक्षा करू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बोलायची ती वेळ नव्हती. पुढे राज्यांनीच तो कांदा उचलायला नकार दिला, ग्राहकांना चव रुचली नाही आणि बराच माल पडून राहून खराब झाला. मळ्यात या बातमीचा आनंद झाला. मलाही झाला. नाईलच्या काठी कुणीतरी वाकून काढलेला, झटकलेला, पातीनं झाकलेला कांदा न्हावाशेवा बंदरात सडला, याचा आनंद.

हा आनंद पुढे मला टोचत राहिला, पण त्याची खरी ओळख पटली ती त्या व्हिडिओनंतर.

नंतर मी वाचत गेले. आमच्या आणि त्यांच्या कांद्याचं नातं मला वाटलं होतं त्यापेक्षा जवळचं निघालं. कांद्याचा गड्डा पोसतो तो दिवसाच्या लांबीवर. नेदरलँडही जगभर कांदा पाठवतो, पण त्यांचं बी निफाडात टाकलं तर नुसती पात माजेल, गड्डा धरणार नाही, कारण त्याला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. इजिप्त आपल्यापेक्षा उत्तरेला असला तरी त्यांचा मुख्य कांदा हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघतो. म्हणजे आमचा उन्हाळ कांदा जेव्हा लागणीला येतो, तेव्हा साधारण त्यांचीही लगबग चाललेली असते. मार्च-एप्रिलमध्ये इकडे मजूर मिळत नाहीत म्हणून मामा चार गावं पालथी घालतो, त्या दिवसांत तिकडेही काढणी असते. आखातातल्या बाजारात दोघांचा माल एकमेकांसमोर उभा राहतो, तो म्हणूनच. भाऊबंदकी ही बांधाला बांध लागल्यावर होते असं आपण समजतो. इथे मध्ये अख्खा अरबी समुद्र आहे.

जमिनीचंही तेच. इजिप्त नकाशावर केवढा मोठा दिसतो, पण पिकतो तो नाईलच्या दोन्ही काठांना आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, देशाच्या चार-पाच टक्के जमिनीवर. बाकी वाळवंट. तिथला शेतकरी फेद्दानमध्ये मोजतो आणि फेद्दान म्हणजे आपल्या एकरापेक्षा किंचित मोठा. नासर आणि त्याच्या साथीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली त्याच वर्षी, १९५२ मध्ये, तिथे जमीनधारणेवर मर्यादा आली, आपल्याकडचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. त्यानंतर दोन्हीकडे वाटण्या झाल्या, वाटण्यांच्या वाटण्या झाल्या. मामाच्या आजोबांच्या नावावर किती होतं आणि आज सातबारावर किती आहे, हा हिशोब आमच्याकडे दर दिवाळीला निघतो. तिकडे कुठल्या सणाला निघतो ठाऊक नाही, पण निघत असणार.

सणावरून आठवलं. इजिप्तमध्ये वसंतात शम अल-नसीम नावाचा सण असतो. मुसलमान असो की ख्रिस्ती, सगळे बाहेर बागेत, नदीकाठी जातात आणि खारवलेली मासळी व पातीचा कांदा खातात. आमच्याकडे कांदेनवमी. आषाढातल्या नवमीला भजी, झुणका, कांद्याचं थालीपीठ, जे काय खायचं ते खाऊन घ्यायचं, की चातुर्मासात कांदा बंद. अर्थात आमच्या मळ्यात हे अर्धंच पाळतात. मामी पाळते, मामा पाळत नाही. कांदा पिकवणाऱ्यानंच कांदा सोडला तर खायचा कुणी, असं त्याचं म्हणणं. त्याला मी सांगितलं, की इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या कांदा, मुळा आणि लसणावर किती चांदी खर्च झाली ते पिरॅमिडवरच लिहिलं होतं, असं एका ग्रीक प्रवाशानं नोंदवून ठेवलंय. आणि चौथ्या रामसेस राजाची ममी सापडली तर त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे बसवलेले होते. मामा पटकन म्हणाला, "त्याच्या मेल्यावर घातले ना? आमच्या जिवंतपनीच घालतेत."

त्या हिवाळ्यात खरोखरच तशी पाळी होती. ऑगस्टच्या १९ तारखेला चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं आणि बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. सप्टेंबरमध्ये व्यापारी संपावर गेले. नोव्हेंबरच्या २६ तारखेला गारा पडल्या, निफाडच्या द्राक्षबागांचा अक्षरशः चिखल झाला, कांद्याची पात जमिनीला चिकटली. आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, त्याला चाळ चालत नाही. उन्हाळ कांदा निदान पाच-सहा महिने धरून ठेवता येतो, भावाची वाट पाहता येते. लाल कांदा काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकलाच पाहिजे. बंदी घालणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्या दिवसांत मी मामाबरोबर एकदा लिलावाला गेले. ट्रॅक्टरच्या आणि पिकअपच्या रांगा, धुळीत मिसळलेला कांद्याचा तो उग्र गोड वास, टरफलं उडतायत. व्यापारी ट्रॉलीच्या कडेला चढतो, वरचा माल बघतच नाही, हात कोपरापर्यंत आत घालतो, खालचा एक कांदा उपसून काढतो, अंगठ्यानं मान दाबून पाहतो आणि पुकारा सुरू. मामाच्या ट्रॉलीला मिनिटसुद्धा लागलं नाही. चार महिन्यांचं पीक, खतं, फवारण्या, पहाटेची वीज धरून दिलेलं पाणी आणि शेवटी एक चिठ्ठी. बंदीनंतर दोनेक आठवड्यांत भाव निम्म्यावर आला होता. मामानं चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "चल, भजी खाऊ." भजी कांद्याचीच होती.

तिकडचं कारण वेगळं होतं आणि वेगळं नव्हतंही. इजिप्तचा पौंड २०२२ पासून एकेका धक्क्यानं घसरत होता. पौंड पडला की डॉलरमध्ये विकलेला कांदा सोन्याचा होतो, म्हणून माल बाहेर जाऊ लागला आणि कैरोच्या बाजारात कांदा किलोला तीस पौंडांच्या वर गेला. गरिबाच्या ताटातला सगळ्यात स्वस्त जिन्नस महाग झाल्यावर सरकार जे करतं तेच तिथल्या सरकारनं केलं. १ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत निर्यात बंद, आणि ती मुदत पुढे मार्चअखेरपर्यंत वाढली. म्हणजे २०२३ चा डिसेंबर ते २०२४ चा मार्च, कांदा पिकवणाऱ्या या दोन्ही देशांची दारं एकदमच बंद होती. इथे मला कुणाची बाजू घ्यावी ते नीट ठरवता येत नाही. मी नाशिक शहरात राहते, महिन्याचं बजेट बघते, कांदा ऐंशीवर गेला की माझ्याही तोंडून "काय हे" निघतं. पण शहरातल्या ताटाची सगळी काळजी फक्त मळ्यातल्या माणसाच्या खिशातून का भागवायची, याचं उत्तर मला ना दिल्लीत सापडलं ना कैरोत. फरक एवढाच, की आम्ही निदान मतपेटीतून बोलू शकतो. २०२४ च्या मेमध्ये दिंडोरी आणि नाशिक, दोन्ही मतदारसंघ जे बोलले त्यात कांदा किती होता यावर चर्चा झडल्या. इजिप्तच्या शेतकऱ्याला ती सोय तितकीशी नाही. तेव्हा मामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की ते खडे फोडत असतील, पण हळू आवाजात.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमची जोडी जमत नाही. उलटीच बसते.

इजिप्तमध्ये पाऊस नसल्यातच जमा, सगळी शेती कालव्यावर, पाणी पाळीपाळीनं. आपल्या पालखेड कालव्याच्या आवर्तनासारखंच. आवर्तन कधी सुटणार, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचणार की मधेच कुणी मोटारी टाकणार, हे सगळं तिकडेही ओळखीचं असणार. पण इजिप्त नाईलच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. वर इथिओपियानं २०११ मध्ये मोठं धरण बांधायला घेतलं, २०२० पासून भरायला सुरुवात केली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं उद्घाटनही करून टाकलं. या सगळ्या वर्षांत इजिप्तचं म्हणणं एकच, की वरच्यानं अडवलं तर आम्ही खालच्यांनी जायचं कुठे. हे वाचताना मान डोलवत होते आणि मधेच थबकले. कारण आम्ही नाशिककर तर वरचे! त्याच २०२३ च्या हिवाळ्यात खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आमच्या घरात शिवी दिल्यासारखा उच्चारला जातो. मामा तर म्हणतो, "पाऊस आमच्या डोंगरात पडतो." इथिओपियाही अगदी हेच म्हणतो. मी मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पैठनवाल्यांना सांगू नको."

धरणाचं आणखी एक लागतं. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि पुराबरोबर दरवर्षी येणारा गाळ थांबला. हजारो वर्षं फुकट मिळणारं खत गेलं, पोती विकत आणायची वेळ आली. बारमाही पाण्यानं जमिनी क्षारपड होऊ लागल्या, म्हणून त्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचऱ्याची कामं प्रचंड मोठ्या क्षेत्रावर केली. नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्याखाली कोपरगावकडे गेलं की चोपण जमिनी दिसतात, पांढुरक्या, पाऊल टाकलं तर वरून भुसभुशीत आणि आत घट्ट. या एका बाबतीत तिथल्या माणसाला इथे बोलावून आठ दिवस ठेवून घ्यावं असं मला वाटतं. आपल्याकडचे अभ्यास दौरे बहुधा इस्रायल, हॉलंड असे होतात. ठिबक बघायला इस्रायल ठीकच आहे, त्यातून शिकलोही. पण आपल्यासारखाच दोन-अडीच एकरांचा, कालव्याच्या पाळीवर बसलेला, सरकारच्या एका रात्रीच्या हुकमानं उताणा पडणारा शेतकरी बघायला कुणी जात नाही. बहुतेक त्याच्याकडून शिकण्यासारखं काही असेल असं वाटत नसावं.

आणि द्राक्षं? त्यांची वाटच इजिप्तच्या अंगणातून आहे. पिंपळगाव-दिंडोरीचे कंटेनर युरोपला निघतात ते सुएझ कालव्यातून. २०२१ च्या मार्चमध्ये ते अवाढव्य जहाज कालव्यात आडवं अडकलं तेव्हा ऐन हंगाम होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात नाशिकचं द्राक्ष आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेलं, भाडं वाढलं, दिवस वाढले. इजिप्तचं कालव्याचं उत्पन्न घटलं ते वेगळंच. मामाची द्राक्षं नाहीत, म्हणून त्या दुःखात मी फार शिरत नाही. कांद्याचंच पुरे आहे.

मार्च २०२४ संपताना इजिप्तच्या बंदीची मुदत संपली. आपली मात्र ३१ मार्चला उठायची ती पुढे ढकलली गेली. मधेच गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी मिळाली, त्यावरून नाशकात जो भडका उडाला तो सगळ्यांनी पाहिला. बंदी उठली ४ मे रोजी, तीही टनाला साडेपाचशे डॉलर किमान दर आणि चाळीस टक्के शुल्क लावून. तेवढ्या अवधीत, ऐन काढणीत, आखाताचा बाजार इजिप्तच्या कांद्याला मोकळा होता. २०१९ चा मामा असता तर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं. मी भीत भीतच त्याला हे सांगितलं. तो चाळीची पट्टी ठोकत होता. म्हणाला, "इकला आसंल त्यांनी. सहा महिने कोंडला व्हता त्यांचा बी." मला वाटलं, माणूस मवाळ झाला. पण लगेच पुढचा खिळा उचलताना म्हणाला, "आता तेच गिऱ्हाईक परत येतंय का बघ आपल्याकडं." आणि हे खरं दुखणं. बंदी उठवता येते, तुटलेलं गिऱ्हाईक हुकूम काढून परत आणता येत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही गेलं. ना बंदी, ना शुल्क. आणि भाव? तो पडला. त्या उन्हाळ्यात मामाच्या कांद्याला उत्पादनखर्चही सुटला नाही. खडे फोडायला समोर ठळक असं कुणी नव्हतं, त्यामुळे तो जास्तच चिडचिडा झाला होता. मामी म्हणे, "सरकार तरी बरं, शिव्या द्यायला तरी कामी येतं." मग नोव्हेंबरात, उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकून झाल्यावर, एका संध्याकाळी मामाचा फोन आला. घरचं सगळं कसं काय वगैरे न विचारता थेट सुरुवात.

"तायडे, तुझ्या त्या इजिप्तवाल्यांनी यंदा लागन किती केली, काय कळतं का गं?"

"कशाला?"

"कमी केली आसंल तर आपन आर्धा एकर वाढवू."